महाबाहूची मंदगती

अवाढव्य वस्तूंच्या बाबतीत तंजावर हे नगर इतके निबर झालेले आहे, की एखादे नवे धूड त्याच्या वेशीत येऊन उभे राहिले तरी तेथील नागरिक मान वर करण्याचे कष्ट सहसा घेत नाहीत. राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास पुरे केलेले बृहदीश्वराचे २१६ फुटी विमान ज्यांना रोज सकाळी गच्चीवरून, वाळत घातलेल्या धोतरांच्या फटीतून दिसते; त्याच्या माथ्यावरची ८० टनांची शिळा सारपळ्ळम गावापासून उतरण बांधून वर ओढत नेली, ही कथा ज्यांनी आजीच्या मांडीवर ऐकलेली असते (ती शिळा अखंड नाही, असे म्हणणाऱ्या तज्ज्ञांना तेथे कोणी कॉफी विचारीत नाही); आणि रघुनाथ नायकाच्या काळातली घडीव लोखंडाची प्रचंड तोफ बीरंगी मेडूवर पडलेली ज्यांनी शाळेच्या सहलीत एकदा पाहून कायमची विसरून टाकलेली असते, त्यांना थोरवीचे अप्रूप ते काय वाटावे? तथापि गेल्या वैशाखात मेलवीदीजवळच्या एका बोळाच्या तोंडाशी ३६ मीटर लांबीचा बाहू मिरवणारा काँक्रीटचा बूम पंप दाखल झाला, तेव्हा मात्र गर्दी जमली; आणि ती जमली ती एवढे विशाल यंत्र एवढेसे काम इतक्या सावकाश कसे करते हे पाहण्यासाठी.

ज्या वाचकांचा बांधकामाशी संबंध घरभाडे भरण्यापुरताच आला असेल, त्यांच्यासाठी थोडा तपशील देणे अवश्य आहे. नळीतून काँक्रीट ढकलून नेण्याची युक्ती १९२७ साली माक्स गीझे आणि फ्रिट्झ हेल या दोघा जर्मन गृहस्थांनी सिद्ध केली. कालांतराने तेलाच्या दाबावर चालणारे दोन सिलिंडर आले. त्यांपैकी एक हौदातले काँक्रीट शोषून घेत असता दुसरा आपल्या पोटातले नळीत ढकलतो, आणि दोघांच्या तोंडाशी एस अक्षराच्या आकाराची एक वाकडी नळी दर खेपेस इकडून तिकडे खटकन सरकत राहते. पुढे हा सर्व संसार मोटारीवर चढला आणि त्याला घडी घालता येणारा, चार-पाच सांध्यांचा पोलादी बाहू फुटला. दुबईच्या बुर्ज खलिफ्यात दोन सिलिंडरांच्या या जातीच्या पंपाने काँक्रीट ६०६ मीटर उंच चढविले. २०११ साली फुकुशिमाच्या अणुभट्टीवर पाणी सोडण्याची वेळ आली तेव्हा जपान्यांना याच लांब हातांचे स्मरण झाले. अशा कुळातला हा महाबाहू तंजावरात आला होता तो जमिनीपासून १० फूट उंचीच्या, ९ इंच बाय १२ इंच जाडीच्या, संख्येने १२ खांबांसाठी.

हे खांब माझ्या पत्नीच्या मामांचे. मामा तेथल्या जुन्या मराठी घराण्यांपैकी एका घराण्यातले, सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर हिशेबाची गोडी अधिकच वाढलेले गृहस्थ आहेत. मोडी दप्तरे चाळण्याच्या निमित्ताने मी सरस्वती महाल ग्रंथालयात जाऊन-येऊन असे आणि मुक्काम मामांकडे असे. घर जुन्या तंजावरी घाटाचे, म्हणजे रस्त्याशी काटकोनात झोपलेले: पुढे तिण्णै, म्हणजे ओटा, मग ओसरी, चौक, माजघर, स्वयंपाकघर, विहीर आणि सर्वांच्या मागे कोल्लै, अर्थात परसू, रुंदी १८ फूट आणि खोली ८०. बंगळूरला असलेल्या चिरंजीवांना परत येण्याची बुद्धी होईल या आशेवर मामांनी परसात दोन खोल्या काढण्याचा बेत केला. परसात जायला वाट एकच, आणि ती घरातून. घमेल्यांनी माल वाहायचा तर बिगाऱ्यांची दिंडी दिवसभर स्वयंपाकघराच्या दारावरून जाणार. त्या मार्गास मामींनी अशा शब्दांत मनाई केली, की पुन्हा अर्ज करण्याची सोयच उरली नाही. तेव्हा राहिली आकाशाची वाट.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मामांना पंपाच्या सामर्थ्याची यत्किंचितही गरज नव्हती. गरज होती ती त्याच्या हाताची. परंतु एवढा लांब हात असलेले यंत्र अशक्त मिळत नाही. जो बाहू ऐंशी फुटांचे घर ओलांडून पलीकडे पोहोचतो, त्याच्या बुडाशी ताशी शंभराहून अधिक घनमीटर काँक्रीट ओकू शकणारा पंप असतोच, आणि या वेगाने मामांचा एक खांब भरायला साडेसात सेकंद लागले असते. हे गणित मामांनी आदल्या रात्री केले. जेवण झाल्यावर पानाचा डबा बाजूला सारून, पंपवाल्यांच्या माहितीपत्रकावरून त्यांनी सिलिंडरचा व्यास २३० मिलिमीटर आणि लांबी २१०० मिलिमीटर अशी घेतली, गुणाकार केला, आणि एका स्ट्रोकला ८७ लिटर असे उत्तर काढून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"जावईबापू, आपला खांब २१२ लिटरांचा. म्हणजे अडीच स्ट्रोकही पुरते नाहीत. एका स्ट्रोकला खांबात चार फूट माल चढतो."

"मग काम लवकर उरकेल, मामा."

"उरकेल खरे. पण पातळ काँक्रीट खांबात दहा फूट उभे राहिले, की तळाशी फळ्यांवर दर चौरस मीटरला सात टनांवर दाब येतो. साडेसात सेकंदांत खांब भरला तर आठव्या सेकंदास तो शेजारच्या पाट्टींच्या विहिरीत असेल."

मामांनी सांगितले त्यात अतिशयोक्ती असली तर फक्त विहिरीपुरती होती (पाट्टी म्हणजे तमिळ आजी). सेंटरिंगच्या फळ्या ताण्या आणि टेकू देऊन कितीही आवळल्या तरी खांबात माल बेताबेताने, दोनअडीच फुटांचे थर देत, मध्ये व्हायब्रेटर फिरवीत घालावा लागतो. त्यातच शासकीय मानकाची, आय. एस. ४५६ ची, अशी सूचना आहे की काँक्रीट दीड मीटरहून अधिक उंचीवरून खाली पडू देऊ नये; कारण तसे पडताना खडी सळ्यांवर आपटत एकीकडे जाते, सिमेंटचा रस दुसरीकडे, आणि फळ्या काढल्यावर खांबाच्या पायथ्याशी मधमाशांच्या पोळ्याचे दर्शन घडते. तेव्हा नळी खांबाच्या आत, तळापर्यंत सोडून हळूहळू वर ओढीत आणणे भाग होते. आता बाहूच्या टोकाची रबरी नळी आतून सव्वाशे मिलिमीटर, म्हणजे ५ इंचांची, आणि बाहेरून त्याहूनही धष्टपुष्ट. तर सळ्यांच्या पिंजऱ्यात रिंगांच्या आत मोकळी जागा जेमतेम तेरा सेंटिमीटर. हत्तीने बिळात सोंड घालावी असा तो प्रसंग होता. म्हणून बाहूच्या टोकाला आधी पाचाचे चार करणारा, मग चाराचे तीन करणारा असे निमुळते पोलादी तुकडे जोडून, शेवटी ३ इंची मऊ नळी लावण्यात आली. ज्या यंत्राच्या एका बाजूला सहा घनमीटर पोटाचा मिक्सर रिचवणारा हौद, त्याच्या दुसऱ्या टोकाला बागेला पाणी घालणाऱ्या माळ्याच्या नळीची आठवण व्हावी अशी नळी लोंबत असलेली पाहून बोळातल्या मुलांनी टाळ्या पिटल्या. मोठ्या माणसांनी पिटल्या नाहीत, पण हात पाठीमागे घेऊन ती मंडळीही तेथेच उभी राहिली.

नळी लहान केली म्हणजे काम आपोआप हळू होते, असा भाबडा समज माझाही होता. पण पंप नळीचा मुलाहिजा ठेवीत नाही. तो जेवढे ढकलायचे तेवढे ढकलतो, आणि व्यास पाचाचा तीन झाला की माल बिचारा पावणेतीन पट वेगाने पळू लागतो. दाब वाढतो तो वेगळाच. सावकाशपणा यावा लागतो तो चालकाच्या अंगठ्यातून. चालक बिहारकडचा, पंचविशीतला तरुण होता. गळ्यात अडकवून पोटावर घेतलेल्या रिमोटच्या पेटीवरचे दांडके तो अशा नाजूकपणे हलवी, की वीणेच्या या गावात, जेथे फणसाच्या लाकडाच्या वीणा घडतात, त्याची कोणीतरी कदर करायला हवी होती. ताशी शंभर घनमीटर ओतणारे चालक धरणांवर आणि उड्डाणपुलांवर शेकड्यांनी मिळतील. अर्धा स्ट्रोक देऊन थांबणारा विरळा. मी राज्यकर्त्यांची चरित्रे वाचण्यात आयुष्याची बरीच वर्षे घालवलेली असून, सत्ता हाती असता ती अर्ध्या स्ट्रोकवर थांबवता येणारे त्यांत किती निघतील हा हिशेब तेव्हा माझ्या मनात आला, आणि उत्तर फारसे सुखावह नसल्यामुळे मी पुन्हा खांबाकडे पाहू लागलो.

चालक बोळाच्या तोंडाशी, यंत्राच्या पसरलेल्या लोखंडी पायांजवळ. खांब घराच्या पलीकडे, त्याच्या दृष्टीआड. परसात नळी धरणारा मेस्त्री तमिळ, चालक हिंदी, मामा मराठी, आणि चिरंजीवांनी दूरध्वनीवरून नेमलेला इंजिनियर इंग्रजी. तंजावरच्या दरबारात दुभाष्यांचे केवढे प्रस्थ होते हे मी दप्तरांत वाचले होते. त्या पदावर माझी नेमणूक तोंडी हुकुमाने झाली, आणि मला चौकाच्या कठड्याशी, जेथून दोन्हीकडे दिसते अशा जागी तैनात करण्यात आले. मेस्त्री परसातून "मेदुवा, मेदुवा" असे ओरडे. मी रस्त्याकडे तोंड करून "धीरे, भाई, धीरे" म्हणे. मामा माझ्या कानाशी "अगदी बेताने, म्हणावं" अशी पुष्टी जोडीत. आणि इंजिनियर हातवाऱ्यांनी यांपैकी कोणत्याही भाषेत नसलेले काहीतरी सांगे. मेस्त्रीचे "इन्नुम कोंजम", म्हणजे आणखी थोडेसे, आणि "पोदुम", म्हणजे पुरे, या दोन उद्गारांच्या मध्ये जेवढा अवकाश असे तेवढ्यात पहिल्या खांबाने चार फूट उंची गाठली, फळ्यांच्या सांध्यांतून रस गळू लागला आणि टेकूंनी सुस्कारे टाकले. दुभाषी कितीही चपळ असला तरी हुकूम त्याच्या नळीतून जाताना वेळ घेतोच. दुसऱ्या खांबापासून चालकाने आपला सोबती कौलांवर चढवला. त्याने मूठ आवळली की थांब आणि बोट फिरवले की चाल, अशी खूण ठरली, आणि माझी नोकरी गेली.

बडतर्फ झाल्यामुळे मला निरीक्षणास अवसर मिळाला. बाहू पुरता उलगडून कौलांवरून पलीकडे वाकला असता, सिलिंडर पालटला की प्रत्येक धक्क्याने त्याचे टोक फूटभर खाली-वर होई. वेगाने पंप चालू असता हे हेलकावे एकमेकांत मिसळून जातात. पण एक स्ट्रोक, मग विराम, मग अर्धा स्ट्रोक, अशा चालीत प्रत्येक धक्का सुटा, स्पष्ट आणि आपले व्यक्तिमत्त्व राखून येई. टोकाला लोंबणारी तीन इंची नळी पिंजऱ्यात अडकलेली, तिला बिलगून मेस्त्री, आणि तोही तिच्याबरोबर खाली-वर. बाहूवरच्या नळीत अंगचेच अर्ध्या घनमीटरहून थोडे अधिक काँक्रीट असते, म्हणजे सव्वा टनाहून जास्त वजन. ते मेस्त्रीच्या डोक्यावर मान डोलवीत असताना त्या गृहस्थाच्या तोंडातले पान एकदाही हलले नाही. काम सुरू करण्याच्या क्षणी मात्र चालकाने सर्वांना नळीपासून दूर हुसकले होते, मेस्त्रीलाही. नळीत अडकलेली हवा काँक्रीटच्या दाबाने एकदम सुटली, तर ती रबरी शेपटी माणसाला भिंतीवर फेकून देऊ शकते. प्रेक्षक तेवढ्यापुरते चार पावले मागे सरले आणि चालकाची पाठ फिरताच पाच पावले पुढे आले.

मेस्त्रीला हा सर्व खटाटोप मनातून मान्य नव्हता. त्याच्या मते घमेले हाच जगातला सर्वोत्कृष्ट पंप: त्याला डिझेल लागत नाही, ते कौलांवरून डोकावत नाही, आणि त्याला थांब म्हटले की ते हातातल्या हातात थांबते. शिवाय चहाच्या वेळी ते उलटे घालून त्यावर बसताही येते. मामींच्या मनाईचा दाखला दिला तेव्हा त्याने परसाच्या मागच्या भिंतीला एक दार पाडण्याची सूचना केली. ती भिंत शेजारच्या पाट्टींची असल्यामुळे तो विषय तेथेच संपला.

पाट्टींचा उल्लेख आला आहे तर त्यांच्याकडचा मामला सांगून टाकला पाहिजे. वैशाखात तंजावरच्या गच्च्या वडामांनी भरलेल्या असतात. तांदळाच्या उकडीचे ते पांढरे ठिपके धुवट वेष्टीवर ओळीने घालून पाट्टी काळी छत्री उघडून कावळ्यांवर पहारा करीत बसल्या होत्या. नळी एका खांबावरून दुसऱ्यावर नेताना बाहूला वळण घ्यावे लागे आणि त्या वळणात त्याचे टोक पाट्टींच्या गच्चीच्या कोपऱ्यावरून जाई. तसे ते माणसांवरून नेऊ नये हा नियम चालकाला ठाऊक होता, म्हणून तो आधी हात जोडून पाट्टींना उठण्याची विनंती करी. पाट्टी उठत, परंतु वडाम उठत नसत. कावळ्यांच्या बंदोबस्तासाठी उघडलेली छत्री ऊर्ध्वभागाकडे दुर्लक्ष करते हे लक्षात यायला चौथा खांब उजाडला. तीन इंची नळीच्या तोंडातून सिमेंटच्या रसाचे करडे थेंब टपटप पडले, आणि तेही विलक्षण नेमाने, ओळीत, वडामांच्या मधल्या मोकळ्या जागा भरून काढीत.

"रायरे!" पाट्टींनी गच्चीवरून हाक दिली. मराठी माणसाला तेथे रायर म्हणतात, आणि या संबोधनात आदर किती आणि खटला किती हे स्वरावरून ठरते. मामा हात पुसत चौकात आले.

"पाट्टी, नुकसानभरपाई देईन."

"वडामांची भरपाई रुपयांत कशी देणार, रायरे? पुढच्या वैशाखापर्यंत सांबाराबरोबर रुपये तळू का?"

यावर मामांना उत्तर सुचले नाही. सांबाराचा शोध तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात लागला ही आख्यायिका ते पाहुण्यांना नेहमी ऐकवतात; त्या दिवशी तो विषय त्यांनी टाळला. करड्या थेंबांचे वडाम संध्याकाळपर्यंत इतरांहून अधिक कडक वाळले, हे पाट्टींच्या नातवाने मला गुपचूप सांगितले.

दुपारी चहाला सुटी झाली, आणि सावकाशीचा दुसरा धोका समोर आला. काँक्रीट हळू ढकलावे हे खरे. पण ते थांबून मात्र चालत नाही. चाळिशीच्या घरातल्या उन्हात पोलादी नळी तापते, आतला माल ताठरू लागतो, म्हणून चालक मध्येच पंप उलटा फिरवून थोडे मागे, मग थोडे पुढे असे करीत राहतो. या दिवशी चहाबरोबर मेदुवडेही आले आणि मागे-पुढे करण्यात खंड पडला. सातव्या खांबाच्या वेळी पंपाने घशातल्या घशात गुरगुरून दाब वाढवला, बाहू ताठ झाला, आणि नळीतून काहीच आले नाही. इंजिनियरने पाणी घालायला सुचवले. मेस्त्रीने देवाचे नाव घेतले. चालक मात्र शांतपणे पंप उलटा फिरवून दाब उतरवू लागला, आणि दाब उतरल्याची खात्री होईपर्यंत त्याने कोणालाही सांध्याच्या आसपास फिरकू दिले नाही. मग बाहूचे टोक खाली आणून हातोडीने नळी ठोकीत निघाला. मोकळी नळी खणखणते, तुंबलेली बद्द वाजते. चाराचे तीन करणाऱ्या तुकड्याशी आवाज बद्द आला. क्लँप सोडला तेव्हा आतून एकमेकींना बिलगून बसलेल्या दोन भरघोस खड्या निघाल्या.

लहान नळीत तिच्या व्यासाच्या एकतृतीयांशाहून मोठी खडी जाता कामा नये असा दंडक आहे, आणि मामांनी तर त्याहूनही बारीक, १२ मिलिमीटरच्या आतली खडी लेखी मागवली होती. त्या दोन्ही खड्या त्यांनी फूटपट्टीने मोजल्या, धुतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि वर तारीख, वेळ व खांबाचा क्रमांक घालून मुद्देमाल म्हणून कपाटात ठेवल्या.

संध्याकाळकडे काम पुन्हा संथ लयीला लागले, तेव्हा दप्तरातल्या एका गोष्टीची मला सारखी आठवण होत राहिली. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजी राजांच्या हाती तंजावरचा किल्ला आणि भोवतालची थोडीशी जागा राहिली. मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांस सालीना एक लक्ष पगोडा व निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळावा असे ठरले. पण कारभार गेला तरी दरबार, कारकून, चिटणीस, खाती आणि रिवाज राज्याच्या मापाचेच राहिले. छत्तीस मीटरांच्या बाहूला तीन इंची नळी म्हणतात ती ही! त्या नळीतून राजांनी काय काय पाझरवले ते पाहिले म्हणजे थक्क व्हायला होते: सरस्वती महालातली पोथ्यांची रास, धन्वंतरी महालातली औषधे, देवनागरी छापखाना, आणि १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरवलेले भोसले वंशाचे चरित्र, जे बाबूराव चिटणीसांनी रचले आणि पाथरवटांनी अक्षर-अक्षर करून दगडात उतरवले. ते काम घाईचे असते तर भिंतीवर वंशावळीऐवजी नुसते बिरुद राहिले असते. (नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ समुद्रकाठी बांधलेला मनोरा हा स्ट्रोक मात्र जरा जास्त झाला, असे माझे नम्र मत आहे, त्या पराभवाचा तंजावरास एवढा हर्ष होण्याचे कारण नव्हते.)

आणि जवळच तिरुवारूर आहे. तेथला आळित्तेर हा रथ ९६ फूट उंच आणि ३०० टनांचा असल्याचे सांगतात. हजारो माणसे दोर ओढतात, परंतु रथ किती चालावा आणि कोपऱ्यावर कोठे वळावा हे ठरवणारा असतो तो चाकाखाली लाकडी पाचर सारणारा एक उघडा माणूस. अलीकडे त्या रथाला तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवले आहेत, तिरुचिरापळ्ळीच्या 'भेल'ने; तरी पाचरवाले गेलेले नाहीत. बाराव्या खांबाशी नळी वर खेचीत असलेला आमचा मेस्त्री त्याच जातीचा कारागीर होता, एवढेच. त्याला हे सांगितले असता त्याने पान थुंकून, "रथाला मिनिमम चार्ज नसतो," असे उत्तर दिले.

ते खरे होते. पंप भाड्याने देणाऱ्या संस्थेचा कारकून दिवे लागणीला दुचाकीवरून आला आणि त्याने बिल सादर केले. खांबांत गेला माल अडीच घनमीटर. आकारणी मात्र किमान परिमाणाची, जे त्याच्या कितीतरी पट होते. त्याखाली आणखी एक कलम होते: लहान नळी जोडल्याबद्दल ज्यादा आकार.

"नळी लहान केली तर आकार कमी व्हावा," मामा म्हणाले.

"सार, मोठी नळी पंपाबरोबर फुकट येते. लहान नळी वेगळी आणावी लागते."

"आणि यंत्र दिवसभर जवळजवळ बसूनच होते, त्याचे काय?"

"बसून राहायला त्याला जास्त डिझेल लागते, सार."

हिशेबखात्यात तीस वर्षे काढलेल्या मामांनी हे वाक्य मनातल्या मनात दोनदा तपासले आणि त्यात चूक सापडेना, हे त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसले. मग त्यांनी दुसरी बाजू धरली. बाहूच्या नळीत जे अर्ध्या घनमीटरहून अधिक काँक्रीट अडकून आहे, ते कोणाच्या मालकीचे? दाम त्यांनी मोजले होते. खांबात ते पोहोचले नव्हते. कारकुनाने असा प्रश्न पूर्वी कोणी विचारलेला नसल्याचे मान्य केले. अखेरीस नळीच्या टोकात स्पंजाचा चेंडू घालून चालकाने पंप उलटा फिरवला, बाहूतला सर्व माल हौदात परत आला, आणि मेस्त्रीच्या मुद्रेवर दिवसभरात प्रथमच प्रसन्नता उमटली. कारण हौदातून तो माल काढायचा तर घमेल्यांशिवाय गत्यंतर नव्हते. बोळातल्या पाच-सहा घरांतून लगेच अर्ज आले. एकाला धुण्याचा दगड हवा होता, एकाला फाटकाचा उंबरा. मामा तिण्णैवर बसून अर्ज ऐकत, घमेली मंजूर करीत. काहींचे अर्ज सबळ कारणाअभावी फेटाळलेही गेले.

रात्री त्यांनी वही उघडली. नोंद अशी होती: पाइपातून वसूल झालेली थकबाकी, अर्धा घनमीटर व वर काही, पैकी पाट्टींच्या दारी पायरी एक, वडामांच्या नुकसानीपोटी, बाकी किरकोळ धर्मादाय, दोन खड्या कपाटात शिल्लक.

चौथ्या दिवशी पाट्टींनी नव्या पायरीवर पाय ठेवून पाहिला, ती दोन बोटे उंच झाल्याचे जाहीर केले, आणि ते यंत्र पुन्हा कधी येणार आहे याची चौकशी करायला नातवाला पाठवून दिले.